चिकापाशी ठेवलेला माइक

देवाची उपकरणी घासायला काढली होती. समई झाली, पंचपात्र झालं, निरांजन एका अंगानं चिंचेनं लखलखीत आणि दुसऱ्या अंगानं अजून काळंच, इतक्यात मागच्या दारी रमाकांतभावोजी येऊन उभे राहिले.

"वहिनी, हात धुवा आणि इकडे या. चीज अशी आहे की चिंचेच्या हातानं धरता यायची नाही."

रमाकांतभावोजी म्हणजे आमचे धाकटे दीर. महाराजबाड्यावर त्यांचं ग्रामोफोन आणि लाउडस्पीकरचं दुकान आहे. लग्नात, गणपतीत, फूलबागेतल्या सभांत त्यांचे कर्णे लागतात. लढाई संपली आणि फौजेचं सामान लिलावात निघालं, तेव्हापासून त्यांच्या दुकानात उद्या काय येईल ते देवच जाणे. यंदा तबकडी कापायचं यंत्र आलं. समोर कुणी गायलं की यंत्राची सुई कोऱ्या काळ्या तबकडीवर रेघ कोरत जाते आणि मग तीच तबकडी लावून ते गाणं ऐकता येतं. भावोजींनी त्या सकाळी आणले होते ते गाणं ऐकून यंत्राला पोचवणारे दोन माइक. त्यातला कोणता घ्यायचा ते ठरायचं होतं, आणि ठरायचं होतं ते आमच्या शेजारच्या विजयाबाईंसाठी.

विजयाबाईंचं आणि आमचं मागचं दार एकाच बोळात उघडतं. शिंदे की छावनीत मराठ्यांची जी जुनी फौजी घरं आहेत त्यांतलं त्यांचं एक. सासरे महिपतराव रिसाल्यातून निवृत्त झालेले. यजमान मल्हारराव फौजेत, वर्षाकाठी एकदा रजेवर येतात. घरात गोषा पहिल्यापासून. दिवाणखान्याच्या मधोमध बांबूच्या काड्यांचा चिक सोडलेला असतो. अलीकडे पुरुष बसतात, पलीकडे बायका. लग्न होऊन देवासहून आल्यापासून विजयाबाई ह्या घरातून बाहेर पडल्या त्या देवीच्या दर्शनाला किंवा कुणाच्या लग्नाला, आणि तेही पडदे सोडलेल्या टांग्यात. लष्कर शहरात एवढी वर्षं राहून महाराजबाड्याचा चौक कसा दिसतो ते त्यांना ठाऊक नाही. टांगा खडबडला की बाडा आला, असं त्या ओळखतात.

पण त्यांना ह्या घरात आणलं ते गळा ऐकून. वडील देवासच्या पागेत होते आणि गाणं शिकलेले होते. त्यांनी मुलीला शिकवलं. महिपतरावांना गाण्याचं भारी वेड. मुलगी पाहायला गेले तेव्हा मुलगी पाहिलीच नाही म्हणतात, नुसती ऐकली, आणि सोयरीक पक्की केली. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गाणं होतं. विजयाबाई चिकाच्या आत तानपुरा घेऊन बसतात, बाहेर महिपतराव लोडाला टेकून, आणि तबल्यावर सदाशिवराव. सदाशिवराव हे दफ्तरातले जुने कारकून, छावणीतच राहतात. इतकी वर्षं साथ करूनही त्यांनी विजयाबाईंना कधी पाहिलेलं नाही. विजयाबाई मात्र चिकाच्या काड्यांतून त्यांना पाहतात. "त्यांची माझी भेट समेवर," असं त्या म्हणायच्या.

त्या गायला लागल्या की बोळात येणारे जाणारे थांबतात. मी एकदा म्हटलं, "विजयाबाई, तुमचं गाणं पार बोळाच्या टोकापर्यंत जातं हो."

"जातं ना. माझ्यातलं तेवढंच बाहेर जातं. पण मेलं परत येऊन सांगत नाही, काय काय पाहिलं ते."

श्रावणात त्यांच्या गळ्याला गाठ दिसली. आधी सुपारीएवढी होती, मग वाढली. पदर गळ्याशी आवळून घ्यायची सवय लागली त्यांना. महिपतरावांनी बाई डॉक्टर घरी बोलावली. ती म्हणाली, कापावी लागेल, पुढे श्वासाला त्रास होईल. दसरा होऊ द्या आणि इस्पितळात आणा. विजयाबाईंनी तिला एकच गोष्ट विचारली. डॉक्टरीण खरी बाई, तिनं थाप मारली नाही. म्हणाली, "आवाज राहील, बहुतेक राहील. पण काहींचा बसतो. मी वचन देऊ शकत नाही."

हे विजयाबाईंनी मला आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडवत होत्या. "दुर्गाताई, देवीच्या मनात असेल ते होईल. पण आजवर जे गायले ते सगळं भिंतींत गेलं. गळा गेला तर मी गात होते याला पुरावा कोण? सदाशिवराव?"

तेव्हा मी त्यांना भावोजींच्या यंत्राचं सांगितलं. इस्पितळात जायच्या आधी एकदा आवाज तबकडीवर घेऊन ठेवायचा, हे त्यांनी तिथंच ठरवलं. महिपतरावांना विचारायला मी गेले, कारण सून सासऱ्याशी सरळ बोलत नाही, त्या घरात तशी रीत नाही. बोलणं मध्ये कुणाला तरी बसवून होतं. मला वाटलं होतं नाही म्हणतील. ते उलट खूश झाले. "उत्तम. घराण्यात एक वस्तू राहील," म्हणाले.

तर ते दोन माइक. भावोजींनी ते पडवीत मांडले आणि माझ्या कानांना हेडफोन लावून आपण पलीकडे जाऊन पावकी म्हणायला लागले. पहिल्या माइकात दोन लोहचुंबकांच्या मध्ये मिठाईवरच्या वर्खासारखी पातळ पत्ती टांगलेली होती. त्यातून मला पावकी ऐकू आली, कावळा ऐकू आला, कुणाचं तरी जातं ऐकू आलं आणि माझ्याच पाठीमागे नळाचं ठिबकणंही. सगळं मऊ आणि गोड. "हा पुढून ऐकतो तसाच मागूनही ऐकतो," भावोजी म्हणाले. "आवाज याच्याइतका सुरेख कुणी घेत नाही. पण जीव एवढासा आहे. जोरात फुंकर मारली तरी पत्ती गेलीच समजा."

दुसरा जाडजूड, लोखंडी जाळीच्या तोंडाचा. त्याच्या आत पडदी असते आणि पडदीला बारीक तारेचं गुंडाळं. भावोजी त्याला डायनॅमिक म्हणतात. त्यातून नुसती पावकी आली, पण जशी काही कुणी कानाशी येऊन म्हणतंय. कावळा नाही, नळ नाही.

"हा फूलबागेत स्टँडसकट दोनदा पडलाय, तरी बोलून राहिला आहे. मजबूत आहे. पण याच्या अगदी तोंडाशी जाऊन बोलावं लागतं. दूरचं नीट घेत नाही, पाठीमागचं तर ऐकतच नाही. बड्या साहेबासारखा आहे."

मी दोन्हींची हकीकत विजयाबाईंना जाऊन सांगितली. त्यांनी विचारही केला नाही. "दुसरा. गळ्याशी येऊन ऐकतो तो."

"पहिला जास्त गोड आहे हो."

"असू दे गोड. दुर्गाताई, ह्या गाठीपायी खालचे सूर मी आता हळूच लावते. जोर दिला तर खोकला येतो. ते चिकापर्यंत सुद्धा पोचत नाहीत. सदाशिवराव हल्ली अंदाजानं वाजवतात, मला कळतं ना. बाहेर ठेवलेल्या माइकाला काय ऐकू येणार? आणि माझं सगळं गाणं खालच्या सुरांत आहे."

महिपतरावांनी मात्र पहिला निवडला. भावोजींनी त्यांना दोघांचे गुणदोष नीट समजावून सांगितले होते. त्यातलं त्यांनी एकच धरलं. "दोन्हीकडून ऐकतो म्हणता ना? मग झालं. चिकाबाहेर उभा करा. एक तोंड चिकाकडे, एक तबल्याकडे. घरातलं घरात, बाहेरचं बाहेर. तार आत जायचं कारण नाही."

"आबासाहेब, पण खालचा आवाज जरा..." भावोजी म्हणू लागले.

"अहो, सूनबाईंचा आवाज बोळाच्या टोकाला जातो. चार काड्यांच्या चिकातून जाणार नाही?"

जायचा तो. आता जात नव्हता, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि सांगायची कुणाची छाती नव्हती. विजयाबाई म्हणाल्या, "त्यांना कळलं तर गुरुवारही बंद करतील. म्हणतील, विश्रांती घ्या."

सामान त्यांच्या घरी पोचलं ते नेमकं खंडेनवमीला. त्या दिवशी शस्त्रांची पूजा. चौरंगावर देवी, तिच्या पायाशी तलवारी, भाला, पट्टा, महिपतरावांचं जुनं खोगीर. घरात जे म्हणून हत्यार असेल, अवजार असेल ते त्या दिवशी पूजेला बसतं आणि दसरा होईपर्यंत उचलायचं नाही, ही त्यांची रीत. यंत्र आणि दोन्ही माइक दारात आले म्हटल्यावर तेही पूजेला बसले. भावोजींचा जीव वरखाली. "पाणी नको, गंध नको, अक्षता आत जाता कामा नयेत. आणि फुंकर, आबासाहेब, फुंकर बिलकुल नको."

महिपतरावांनी सगळं पाळलं. माइकांच्या पायाशी झेंडूचं एकेक फूल तेवढं ठेवलं. उदबत्ती विझली तर ती फुंकून पेटवणाऱ्या गड्यालाही दूर सारलं. मी चिकाच्या आत बायकांत होते, आरती चालली होती. आरती संपली आणि महिपतरावांनी नेहमीप्रमाणे शंख उचलला. सत्तरी उलटली तरी त्यांचा दम दांडगा, आणि त्याचा त्यांना अभिमान. देवीसमोर उभं राहून, देवीकडे तोंड करून त्यांनी तीनदा शंख वाजवला. दिवाणखाना घुमला. आम्ही सगळ्यांनी हात जोडले.

गुरुवारी भावोजी आले, यंत्र मांडलं, तारा जोडल्या, वर्खाचा माइक चिकाबाहेर उभा केला आणि हेडफोन कानाला लावले. मग काढले. पुन्हा लावले. माइक उघडून पाहिला तर पत्ती आत लोंबत होती, ओल्या वर्खासारखी.

"फुंकर कुणी मारली?"

"कुणीही नाही," महिपतराव म्हणाले. "मी स्वतः लक्ष ठेवून होतो. शंख वाजवला तेवढाच."

"कुठून?"

"देवीसमोरून. दुसरं कुठून वाजवणार?"

भावोजींनी चौरंगाकडे पाहिलं, देवीच्या पायाशी माइक होता त्या जागेकडे पाहिलं आणि उघडलेला माइक मिटवून टाकला. आत माझ्या शेजारी विजयाबाईंच्या बांगड्या किणकिणल्या. पदर तोंडात कोंबून त्या हसत होत्या. मग हसता हसता खोकला आला आणि तो किती तरी वेळ थांबेना. 

आता डायनॅमिकच उरला होता. महिपतरावांचा हुकूम बदलला नाही. तो तिथंच, चिकाबाहेर राहील. भावोजींनी सांगून पाहिलं की हा जवळचंच घेतो, आणि मागून ऐकत नाही. तर महिपतराव म्हणाले, मध्ये ठेवा, थोडा तिरपा करा, दोघांचं ऐकेल. कोऱ्या तबकड्या भावोजींना दोनच मिळाल्या होत्या, मुंबईहून आणखी कधी येतील त्याचा नेम नव्हता आणि विजयाबाईंना सोमवारी इस्पितळात जायचं होतं. तरी पहिली तबकडी यंत्रावर चढली.

विजयाबाईंनी पूरिया घेतला. दिवेलागणीचा राग आणि सगळा मुक्काम खालच्या सुरांत. मी त्यांच्या शेजारी बसून होते म्हणून मला ऐकू आला. तबकडी भरली. भावोजींनी ती वाजवली.

सदाशिवरावांचा तबला असा आला, जशा पत्र्यावर गारा. आणि त्याच्या पलीकडे, लांब, कुणीतरी विहिरीत उतरून गात होतं. मध्ये मध्ये तेही नाही. नुसता तबला आणि खोलीचा घुमारा.

"पुन्हा लावा," महिपतराव म्हणाले.

पुन्हा लावली. "पुन्हा." तिसऱ्यांदा लावली तेव्हा खरखर वाढली होती. भावोजी म्हणाले, "आबासाहेब, ही तबकडी मऊ असते. दर खेपेला सुई थोडं थोडं खाते."

महिपतरावांनी मान हलवली. मग जसं काही स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "खालचा षड्ज कुठे गेला?"

सदाशिवरावांनी तबल्यावरचा हात पुसला. "तो आताशा इकडे येत नाही, आबासाहेब. श्रावणापासून नाही."

"मला का सांगितलं नाही?"

सदाशिवरावांनी चिकाकडे पाहिलं.

मग विजयाबाई बोलल्या. रीतीप्रमाणे माझ्याशीच बोलल्या, पण चिकाला तोंड लावून, बाहेर स्पष्ट ऐकू जाईल अशा.

"दुर्गाताई, सांगा आबासाहेबांना. माइक आत द्या म्हणावं."

मी म्हटलं, "आबासाहेब, त्या म्हणतात..."

"ऐकलं मी. त्यांना सांगा, ह्या घरात आजवर परक्याचा कान आत गेलेला नाही."

"सांगा त्यांना, तो कान लोखंडाचा आहे."

"लोखंडाचा असला तरी तारेचं दुसरं टोक रमाकांतांच्या कानाला आहे. श्वास घेतला तरी त्यांना ऐकू जाणार. घरातल्या बाईचा श्वास. हे शोभतं का, विचारा त्यांना."

भावोजी बिचारे हेडफोन काढून खाली ठेवू लागले. मी काय सांगणार, दोघंही एकमेकांचं ऐकत होते आणि मी मध्ये दगडासारखी बसले होते.  विजयाबाईंनी पदर गळ्यावरून काढला होता. घामानं गाठ चमकत होती.

"विचारा आबासाहेबांना," त्या म्हणाल्या, "सोमवारी इस्पितळात सर्जन येणार, तो पुरुषच आहे ना? हातात सुरी घेऊन येणार, ह्याच गळ्यावर हात ठेवणार. त्याला परवानगी दिली. तारेला का नाही?"

हे मात्र माझ्या तोंडून निघेना. निघायची गरजही नव्हती.

"सुरी जीव वाचवायला जाते," महिपतराव म्हणाले. आवाज खाली आला होता.

"आणि तार कशाला जाते म्हणावं?"

बाहेर महिपतरावांचा पानाचा डबा उघडला आणि न वापरताच बंद झाला. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. विजयाबाईंच्या दुखण्यात रात्र रात्र ओसरीवर जागलेले मी पाहिले आहेत त्यांना. पण ज्या घरात आयुष्य गेलं त्या घराची एक काडी काढली तर सगळं खाली येईल असं वाटतं माणसाला, तसं त्यांचं झालं होतं. हो म्हणवेना, नाही म्हणवेना.

विजयाबाईंनी वाट पाहिली. मग तानपुरा माझ्या मांडीवर टेकवला, पुढे सरकल्या आणि चिकाची खालची कड हातभर उचलून हात बाहेर घातला. हिरव्या चुड्यानं भरलेला हात, कोपरापर्यंत. माइकाचा लोखंडी पाय धरला आणि ओढला. तो जड होता, फरशीवर खरवडत आला. भावोजी भिंतीकडे वळून उभे राहिले. सदाशिवरावांनी मान खाली घातली ती तबल्याच्या शाईवर. इतक्या वर्षांत त्यांना दिसला असता तेवढा एक हात, तोही त्यांनी पाहिला नाही.

माइक अर्धा आत आला आणि तार चिकाच्या काड्यांत अडकली. विजयाबाईंनी हिसका दिला, सुटेना.

"रमाकांत," महिपतराव म्हणाले, "तार अडकली आहे. सोडवा ती. चिक फाटेल."

एवढंच त्यांचं हो. पण त्याच्यामागून अटी आल्याच, बंदुकीच्या बारासारख्या एकामागोमाग. "त्यांना सांगा, तबकडी ह्या घराबाहेर जाणार नाही. तिच्यावर नाव लिहायचं नाही. परक्या माणसापुढे वाजणार नाही. किल्ली माझ्याजवळ राहील."

"सांगा त्यांना, बरं," विजयाबाई म्हणाल्या.

त्यांनी घासाघीस केली असती तर काही सुटलं असतं का, मला माहीत नाही. त्यांना त्या घडीला माइक हवा होता.

भावोजींना आत येता येत नव्हतं, म्हणून ते बाहेरून सांगत गेले आणि मी आत करत गेले. "वहिनी, तोंडापासून वीतभर ठेवा. अगदी समोर नको, जरा बाजूला, तिरपा. समोर धरला तर श्वास धप्पकन लागतो. हां. आता गुणगुणू द्या. तानपुरा मागे राहतोय, त्याचा भोपळा पुढे घ्या. बस, बस." मग म्हणाले, "सदाशिवराव, तुमचं काहीच येत नाही."

सदाशिवराव तबला घेऊन पुढे सरकले. आणखी सरकले. त्यांचा गुडघा चिकाला टेकला, काड्या वाजल्या, तसे महिपतराव खाकरले आणि सदाशिवराव तिथेच थांबले.

"आता?"

"पलीकडच्या गल्लीत कुणी वाजवतंय असं येतंय."

"तर तसंच येऊ द्या. वरात निघाली असेल एखादी," सदाशिवराव म्हणाले. "पहिल्या तबकडीत मीच मी होतो. पोट भरलं माझं."

दुसरी तबकडी चढली. विजयाबाईंनी डोळे मिटले आणि खालचा षड्ज लावला. वीतभरावर तो लोखंडी माइक, आणि त्या त्याच्याशी बोलत असाव्या तशा गात होत्या, जोर न देता, घाई न करता. सूर खाली उतरला की गळ्यातली गाठही खाली सरकायची. मी ती पाहत होते आणि मनात देवीचं नाव घेत होते. मध्ये एकदा खोकला आला. त्यांनी मान वळवली, दाबला, पण खाकरलंच. मग जिथं सोडलं होतं तिथूनच धरलं. सदाशिवरावांनी ठेका हलू दिला नाही. समेवर दोघं आले आणि सुई तबकडीच्या मध्याशी पोचली.

"मी खाकरले ते पण आलं का, विचारा हो भावोजींना."

"आलं," भावोजींनी बाहेरूनच सांगितलं. "स्वच्छ आलं."

"असू दे."

भावोजींनी तबकडीवरचा कोरून निघालेला काळा कीस ब्रशनं झाडला. "वाजवून पाहू या?"

आत विजयाबाई सरळ होऊन बसल्या. पहिली तबकडी ऐकताना त्या माझ्यामागे लपल्या होत्या. आता चिकाला नाक टेकवून वाट पाहत होत्या.

"दर खेपेला सुई खाते म्हणालात ना?" महिपतराव म्हणाले.

"हो, पण एकदा वाजवली तर..."

"मघाशी मीच तीनदा वाजवून एक खराब केली. ही नाही वाजवायची. द्या इकडे."

विजयाबाईंनी माझा हात धरला. "सांगा त्यांना, एकदाच. मला ऐकू द्या."

मी सांगितलं. महिपतराव उठले होते. तबकडी फडक्यात गुंडाळून छातीशी धरली होती, जसं तान्हं मूल धरावं. "त्यांना सांगा, बऱ्या होऊन घरी या. मग सावकाश ऐका. तुमच्यासाठीच जपून ठेवतोय." आणि तलवारी ठेवतात त्या पेटीत ती ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. मायेनं केलं त्यांनी. म्हणूनच पुढे काही बोलायला जागा राहिली नाही.

भावोजींनी सामान आवरलं. सदाशिवराव चिकाकडे तोंड करून, कुणाचं नाव न घेता नमस्कार करून गेले. विजयाबाई तानपुऱ्याच्या तारा उतरवत बसल्या.

"गळा राहिला तर ती तबकडी मला नको," त्या म्हणाल्या. "मीच गाईन. आणि गेला, तर बरी होऊन ती ऐकायची. तेव्हा ऐकवेल का मला, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आज ऐकवलं असतं ना, दुर्गाताई, तर कानात घेऊन गेले असते ते मी बरोबर." त्या हसल्या. "जाऊ दे. वाजवली नाही म्हणून झिजली तर नाही."

दुसऱ्या दिवशी मी भावोजींना मुद्दाम विचारलं. कोरताना हेडफोन त्यांच्याच कानाला होते, म्हणजे ते गाणं नीट ऐकलेलं माणूस एकच. त्यांना वर्णन करता येत नाही, व्यापारी माणूस. म्हणाले, "वहिनी, काय सांगू. खालचा सूर आला तेव्हा यंत्राचा आवाज मोजणारा काटा असा शांत उभा राहिला, हलला म्हणून नाही. तबला दूर, तानपुरा मागे, आणि ह्या अगदी कानाशी. श्वास पण आला. आबासाहेब म्हणाले ते खरंच होतं." मग जरा लाजले. "ते काही कुणाला सांगण्यासारखं नाही."

मी ते विजयाबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या ट्रंकेत लुगडी ठेवत होत्या. ऐकताना हात थांबला. "काटा हलला नाही म्हणाले?" त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "लागला म्हणजे षड्ज," आणि घडी मोडलेलं लुगडं पुन्हा घडी घालायला घेतलं.

महिपतरावांनी इस्पितळात बोलून ठेवलं आहे, पलंगाभोवती चारी बाजूंनी पडदा लागेल. घरचा चिक काढून न्यावा का, असंही त्यांनी विचारलं म्हणे; तिथल्या लोकांनी नको सांगितलं. आज शनिवार. गुरुवारनंतर विजयाबाई गायल्या नाहीत, बोलतातही कमी, आवाज राखून ठेवावा तशा. मी देवीला तेल वाहून आले, साकडं घातलं. नवस बोलले नाही. काय मागावं तेच नक्की होईना, गळा मागावा की किल्ली.

सोमवारी सकाळी विजयाबाईंना पडद्याच्या टांग्यातून इस्पितळात भरती व्हायला जायचं आहे.